तीन बोटं

मार्च महिना. दवाखान्यातल्या नर्सने बारीक करवत घेतली आणि टॉनिसच्या सुजलेल्या बोटातली अंगठी कापली. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

*

पाणी मंडळाने वाटलेल्या पत्रकातली सहावी ओळ: कालव्याच्या बांधाला गेलेली भेग तीन बोटांपर्यंत रुंद असेल तर नोंद करा आणि पावसाची वाट बघा. जास्त असेल तर फोन करा.

*

एकेचाळीस दिवस पाऊस नाही. शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या कोरची कबुतरं कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी पितात.

*

बिस्किटांच्या रिकाम्या डब्याखाली निळ्या लोकरीचे हातमोजे. फार वर्षांपूर्वी बायकोने, नेलकाने, टॉनिसच्या एकेका बोटाचं माप घेऊन विणलेले.

*

"१२ ऑगस्ट. तीन बोटं. नेहमीचंच. टॉ."

*

ही शेवटची ओळ नेलकाने रविवारी सकाळी वाचली. वही टेबलावर उघडी होती, कॉफी झाली होती, आणि नवऱ्याचा उजवा हात मलम चोळण्यासाठी तिच्या मांडीवर होता.

टॉनिस एकतीस वर्षं बांधावर गस्त घालत होता. कालव्याचं पाणी वर, घरं खाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोटी डोक्यावरून गेल्यासारख्या जात. कोरच्या घरामागे बांधाच्या माथ्यावर दर कोरड्या उन्हाळ्यात एक भेग पडे आणि पाऊस आला की मिटे. टॉनिस गुडघे टेकून तिच्यात मधली तीन बोटं जुळवून घाली, वहीत लिही आणि घरी येई. मंडळातलं कुणी कधी मोजायला टेप घेऊन आलं नाही. टॉनिसचा हात आहे ना, म्हणत.

नेलका मधलं बोट चोळत होती. सांधा अक्रोडाएवढा झाला होता. तिची नजर वहीवर गेली, परत बोटावर आली, आणि चोळणारा अंगठा थांबला.

बोटं सुजली होती. मग तीच बोटं जिच्यात मावतात ती भेग तेवढीच कशी राहिली असेल?

"काय झालं गं?" टॉनिसने विचारलं.

"काही नाही. मलम संपत आलंय."

शर्टाची बटणं आता तीच लावायची. दूध काढणं सुटलं होतं, सायकल सुटली होती, बटाटे सोलणं सुटलं होतं. बांध तेवढा त्याच्या हातात उरला होता. रविवारी ती बोलली नाही. सोमवारी त्याच्या आवडीचा वाटाण्याचं सूप केलं आणि तेव्हाही बोलली नाही. एकतीस वर्षं चुकला नाही तो माणूस, असं ती स्वतःला सांगत राहिली. खाली अकरा घरं होती. कोरचा खुबा निकामी होता. तो तळमजल्यावरच राहायचा, तळमजल्यावरच झोपायचा.

मंगळवारी सकाळी कोर काठी टेकत आला.

"काय रे, बांध आहे ना जागेवर? का मी होडी विकत घेऊ?"

"घे की. कबुतरांना वल्ही मारायला शिकव."

"किती बोटं?"

"तीन."

"मग झालं. केकचा तुकडा दे नेलका, जातो मी."

तो खुशीत गेला. खिडकीतून त्याची पाठ दिसेनाशी झाली तशी नेलका उठली आणि डब्याखालचे हातमोजे काढून आणले.

"ऑगस्टात हातमोजे?" टॉनिस हसला. "उन्हाने डोकं फिरलं का तुझं?"

"घाल ना. माझ्यासाठी घाल."

त्याने हात पुढे केला. लोकर बोटांवरून सरकली आणि सांध्यांवर अडली. नेलकाने ओढून पाहिलं नाही. टॉनिस त्या निळ्या, अर्धवट चढलेल्या हातमोज्याकडे बघत बसला. मग त्याने टेबलावर मधली तीन बोटं जुळवून ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"कधी कळलं तुला?"

"रविवारी."

"आज मंगळवार."

"हो."

"मला जुलैपासून जरा वाटत होतं," तो म्हणाला. "अंगठी कापून घेतली आणि तरी बोटं मावतायत, हे काही बरोबर नाही असं वाटायचं. पण मावत होती ना. मावली की हात आपोआप तीन लिहायचा. आणि लिहिलं की बरं वाटायचं."

"मलाही बरं वाटायचं, तू लिहिलंस की."

"फोन लाव. मला ती बटणं दाबता येत नाहीत."

तिने नंबर लावून फोन त्याच्या कानाला धरला. तो बोलला ते एवढंच: "टॉनिस बोलतोय. माझ्या नोंदी चुकीच्या आहेत. टेप घेऊन या."

*

साडेसात सेंटिमीटर. न सुजलेली तीन बोटं पाचच्या आसपास भरली असती. मंडळाची इंजिनियर, इल्सा नावाची मुलगी, भेगेत खांद्यापर्यंत हात घालून उठली तेव्हा तिची बाही काळ्या भुशाने माखली होती. बांधाची ती कुजक्या गवताची माती सुकून बुचासारखी हलकी झाली होती, पाण्याच्या रेट्याने सरकेल अशी. आम्ही फक्त वही बघत होतो, असं ती खाली बघून म्हणाली.

दुपारी अकरा घरं रिकामी झाली. चार दिवस सगळे शाळेच्या व्यायामशाळेत. बांधाला आधार म्हणून कालव्यात पोलादी पत्रे ठोकले, बांधावर पाणी मारलं. बांधाला काहीच झालं नाही.

"चार दिवस सतरंजीवर," कोर म्हणाला. "आणि बांध आपला जागच्या जागी. माझा खुबा गेला तुमच्या तीन बोटांपायी."

"खरंय तुझं," टॉनिस म्हणाला.

इल्सा निघताना नेलकाने तिला दाराशी गाठलं. "फुटला असता का गं?"

"माहीत नाही. आता ते कधीच कळणार नाही."

*

त्यानंतर दर रविवारी दोघं जायची. नेलका गुडघे टेकून भेगेवर पट्टी धरायची. टॉनिस चष्मा लावून वाकायचा, आकडा मोठ्याने वाचायचा, मग पेन मुठीत धरून वेड्यावाकड्या अक्षरांत लिहायचा. सप्टेंबरच्या एका नोंदीत साडेसहा सेंटिमीटर या आकड्यापुढे पावसाचा थेंब पडून शाई पसरली आहे. खाली दोन सह्या आहेत.

*

१९७१च्या मे महिन्यात, लग्नाच्या दिवशी, अंगठी टॉनिसच्या बोटात सैल होत होती, आणि नेलकाने तिला आतून लोकरीचा धागा गुंडाळला होता.