कवीचं नाव

"मोबाईलवर हायत की त्याची सगळी गाणी. बस पंख्याखाली अन् ऐक," आनंदराज आईला म्हणाला.

"मोबाईलमधला पंढरी मला बघतो का?" धुरपताबाईनं पिशवीत पाण्याची बाटली कोंबली.

"म्हातारा झाला तो आता. अन् तुझे गुडघे?"

"गुडघे माझे हायत. मी बघून घेईन."

नायगावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या या बाईला घरात कुणी कधी हरवलं नाही. अपवाद एक, तिचा नवरा, आणि तोही नेमका याच बाबतीत. कवी-गायक पंढरी दुधमल गावात जयंतीला गायला आले की तो मित्रांबरोबर जायचा आणि हिला म्हणायचा, "बायांचं काय काम तिथं?" परतल्यावर मात्र चुलीपाशी बसून ऐकलेली सगळी गाणी तिला म्हणून दाखवायचा. बेसूर. तीच गाणी ती रानात खुरपताना बायकांना शिकवायची. नवरा गेला, राग राहिला. नांदेडला पंढरीदादांचा सत्कार आणि गाणी, असा फलक एसटी स्टँडवर दिसला आणि तिनं ठरवून टाकलं की एकदा तरी त्या माणसाच्या तोंडून ऐकायचंच.

भर दुपारी ती नांदेडच्या सभागृहात बायकांच्या घोळक्यात पुढे जाऊन बसली. हार झाले, शाली झाल्या, भाषणं तर संपता संपेनात. खुर्चीतले पंढरीदादा शालींखाली जवळजवळ दिसेनासे झाले. मग निवेदक म्हणाला, दादांची तब्येत बरी नाही, त्यांची गाणी आपले तरुण कलाकार सादर करतील. एवढं येऊन पुन्हा दुसऱ्याच्याच तोंडून ऐकायचं!

पोरगा गायला छान, खोटं कशाला बोला. 'सावली' हे गाणं रंगात आलं, बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि शेवटचं कडवं येणार तोच त्यानं ते तोडून दुसरं गाणं सुरू केलं. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. नाव घेतल्याशिवाय गाणं पुरं होत नाही, हे या गाण्यांवर वाढलेल्या लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतं.

धुरपताबाई उभी राहिली. "ए बाबा, थांब! कवीचं नाव खाल्लं की तू!"

ढोलकी अडखळली. एक संयोजक धावत आला. "मावशी, खाली बसा. वेळ कमी हाय."

"हारांना वेळ व्हता, अन् नावाला न्हाई? माणूस जित्ता बसलाय समोर. त्याच्या तोंडानं घेऊ द्या."

"त्यांचा आवाज गेलाय, मावशी."

"मग गेलेला आवाज ऐकते. त्यासाठीच आले मी."

"हाव, बराबर हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. बायका एकेक करत उभ्या राहिल्या. संयोजकानं हात जोडले तरी कुणी बसेना. तेवढ्यात पंढरीदादांनी शाली बाजूला सारल्या आणि उभं राहून माईकसाठी हात पुढे केला.

आवाज खरंच गेला होता.

उन्हात चालून आलो, सावली मागणार नाही...

एवढं कसंबसं आलं आणि खोकल्याची उबळ आली. संयोजक माईक काढून घ्यायला सरकला. तेव्हा धुरपताबाईनं रानातल्या आवाजात पुढची ओळ उचलली.

दुधमलाच्या पंढरीची मान ही वाकणार नाही!

मग सगळ्या बायका, त्यांच्यामागून पुरुष. पंढरीदादा माईक खाली धरून स्वतःचं नाव ऐकत उभे होते. ओळ संपली तसे ते म्हणाले, "फिरून म्हणा, ताई."

ताईंनी फिरून म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गळा फाटला होता. त्या बेसूर नवऱ्यानं चाल मात्र बरोबर शिकवली होती, हे तिला आज कळलं.

संध्याकाळी नायगावच्या स्टँडवर आनंदराज मोटरसायकल घेऊन उभा होता.

"गायला का म्हातारा?"

"हाव." तिचा आवाज पार बसला होता.

"दाव की मग. व्हिडिओ काढला असशील ना?"

"न्हाई."

"एवढं गेलीस अन् व्हिडिओ काढला न्हाई?"

"मी गाऊन राहिले व्हते," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्याला धरून गाडीवर बसली.