दोन झाकणांमधली जागा

टेक एक

"थांबा, थांबा." काचेपलीकडून साउंडवाल्याचा आवाज सगळ्यांच्या हेडफोनमध्ये आला. "बेसकाका, तुमचा सूर पडतोय आणि जागच्या जागी मरतोय. गोणी आपटल्यासारखा. जरा लांबवा की."

काकांनी नुसती मान हलवली. सूर मरतोय म्हणजे बरोबर वाजतोय, हे चाळीस वर्षांत कोणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. आता सांगायचा कंटाळा आला होता.

त्यांचा बेस, म्हणजे खर्जातली चार तारांची गिटार, जुना होता आणि कारखान्यातून येताना असलेली पोलादी झाकणं त्यावर अजून होती. एक तारांच्या मधोमध, आवाज पकडणाऱ्या पिकअपवर, कमानीसारखं. दुसरं मागे, जिथे तारा अडकवतात त्या ब्रिजवर. हल्ली ही झाकणं कोणी ठेवत नाही. हात मोकळा फिरत नाही म्हणून पहिल्याच दिवशी काढून माळ्यावर टाकतात. मागच्या झाकणाला ड्रमवाला साबणदाणी म्हणायचा. साबणदाणीच्या पोटात स्पंजची पट्टी चिकटवलेली होती. ती तारांना टेकायची, म्हणून सूर गुंजत न राहता धप्प करून बसायचा.

"हा आवाज मालकांना आवडायचा," काका माइकमध्ये म्हणाले.

मालक म्हणजे बँडचे जुने म्होरके. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि आज त्यांचीच गाणी रेकॉर्ड होत होती.

टेक दोन (सुरू व्हायच्या आधीच थांबला)

मालकांची मुलगी आत आली. बँड आता ती चालवत होती. सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्या दुप्पट वयाचा ड्रमवालासुद्धा. लहानपणी ती तालमीला यायची आणि काकांच्या बेसच्या पेटीत झोपायची, पण ती गोष्ट काढायचं काकांनी हल्ली सोडून दिलं होतं.

"काका, झाकणं काढू या का? एवढ्या एका गाण्यापुरती."

"स्क्रू गंजलेत."

ड्रमवाल्याने काकांकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात तार बदलताना काकांनी ते स्क्रू त्याच्या समोर काढले होते. तो काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "ताई, पत्रा काढला की गुणगुण येते बरं का. गाण्यात डास शिरल्यासारखं वाटेल."

"डास मी मारतो," साउंडवाला काचेपलीकडून म्हणाला.

"एकदा करून तर बघू," ताई म्हणाली. "नाही आवडलं तर परत लावू."

स्क्रू-ड्रायव्हर आला. चारही स्क्रू लोण्यातून सुरी जावी तसे निघाले. ताईने ते पाहिलं.

टेक तीन, तीनचा अर्धा, परत तीन

इथे काकांच्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण खोलीत ते कोणालाच माहीत नव्हतं.

दोन वर्षांपासून उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना काही कळत नव्हतं. दुखत नव्हती, आखडत नव्हती. सांगितलं तशी हलायची, फक्त कशाला लागली ते कळवायची नाहीत. सदऱ्याची बटणं काका आरशात बघून लावायचे. एकदा बोट इस्त्रीला टेकून राहिलं तेव्हा बायको ओरडली, म्हणून समजलं. "कातडी करपेस्तोवर थांबला असतात ना?" ती म्हणाली, आणि नंतर बराच वेळ त्यांचा हात नळाखाली धरून उभी राहिली. मानेतली नस आहे, डॉक्टर म्हणाले. गेलं ते गेलं, उरलेलं सांभाळा.

उरला होता अंगठा, आणि तळहाताची टाच. अंगठा पुढच्या झाकणाच्या कडेवर ठेवायचा, टाच साबणदाणीवर. मधे जागा उरते चार बोटांची. त्या जागेत बोटं सोडली की तारा तिथेच असतात. काका तारा शोधतच नव्हते. थंड पोलाद दोन्हीकडून सांगायचं, तू इथे आहेस, आणि ते वाजवायचे. वर्षानुवर्षं आवाजासाठी ठेवलेली झाकणं, ती अशी कामाला आली.

आता समोर नुसत्या तारा. ड्रमवाल्याने काठी काठीवर आपटून चार मोजले.

पहिला सूर लागला. दुसऱ्याला बोट हवेत फिरलं. तिसऱ्याला एकदम दोन तारा घुमल्या आणि घुमतच राहिल्या, कारण त्यांना दाबणारं कोणी उरलं नव्हतं. नुसत्या पिकअपवर अंगठा टेकून पाहिला, पण पिकअप इतका बसका की हात कलंडायचा. हाताकडे बघून वाजवलं तर प्रत्येक सूर जरा मागे पडायचा. जेवायच्या रांगेत म्हातारा मागे पडतो तसा.

"पुन्हा."

पुन्हा.

"पुन्हा, काका, सुरुवातीपासून."

ताईने हेडफोन काढून गळ्यात घेतले. "मुद्दाम करताय का?"

काकांनी हात तारांवरून काढून घेतला.

"नाही, खरं सांगा. स्क्रू गंजलेत म्हणालात. गंजले नव्हते. बाबा गेल्यापासून मी काही सांगितलं की तुमचं तोंड वाकडं. मला वाटायचं, दुःख आहे, जाईल. पण बाबांच्याच गाण्यात असं? मी बाबांच्या जागी उभी राहिले, ते तुम्हाला खुपतं. एवढंच आहे ना?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. किंवा गप्प बसायला. खवट म्हातारा म्हणून तिने काकांना आणखी दहा वर्षं सांभाळून घेतलं असतं. बापाच्या दोस्ताला ती काढणाऱ्यांतली नव्हती. झाकणं परत बसली असती, काका रोज दुपारी तालमीला आले असते. फक्त तिने कायम तेच मनात धरलं असतं.

टेक चार

पुसला आहे. त्यात गाणं नव्हतं, नुसतं बोलणं होतं. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं, हे साउंडवाल्याच्या नंतर लक्षात आलं. कोणी न सांगता त्याने ते पुसलं. पुसण्याआधी त्यात एवढं होतं:

"तसं नाही गं पोरी. बोटांना कळत नाही."

"काय कळत नाही?"

"तार. तार कुठे आहे ते. दोन वर्षं झाली. झाकणांच्या आधाराने वाजवतो."

मग ड्रमवाल्याचा आवाज, माइकपासून लांब: "मला तरी सांगायचंस, गाढवा."

"सांगून तू काय करणार होतास? हळू वाजवणार होतास?"

कोणीतरी हसल्यासारखं. खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि ताई, अगदी जवळून: "स्क्रू कुठे ठेवलेत? द्या इकडे. तुम्ही नका लावू, मी लावते."

टेक पाच

हाच घेतला. झाकणं लावून, एका दमात, चुकीशिवाय. साउंडवाला म्हणाला की गोणीचा आवाज सवय झाली की बरा वाटतो.

चहाच्या वेळी ताई काकांच्या शेजारी येऊन बसली.

"पुढच्या महिन्यापासून मोठे कार्यक्रम आहेत," ती म्हणाली. "स्टेजवर मधेच काही झालं तर."

"हो."

"बेस कीबोर्डवर घ्यावा लागेल. आपला कीबोर्डवाला वाजवेल डाव्या हाताने."

"वाजवेल. हात चांगला आहे त्याचा."

"तुम्ही येत जा काका. तालमीला तरी."

"बघू," काका म्हणाले. तिला त्याहून जास्त काही बोलायला लावू नये असं त्यांना वाटलं. "आजच सुरू करतो त्याच्याबरोबर. उगाच लांबवायचं कशाला?"

बाकीचे वायरी गुंडाळत होते, तेव्हा कीबोर्डवाला मधे बसला आणि काका त्याच्या डाव्या खांद्यामागे उभे राहिले. गडी हुशार होता, चाळिशीचा, त्याला सूर सांगावेच लागले नाहीत. ऐकून ऐकून सगळे पाठ होते. पण तो बोट ठेवायचा ते ठेवूनच द्यायचा, आणि सूर लांबत राहायचा.

"उचल," काका म्हणाले.

त्याने उचललं.

"आधी. मी म्हणायच्या आधी उचल."

तो पुन्हा वाजवू लागला. काका डोळे मिटून ऐकत होते. दर सुराला त्यांची ती दोन बोटं त्याच्या खांद्यावर पडत होती आणि निघत होती.

"आता?"

"अजून जरा आधी."