पर्सचा वास

टोकावड्याहून आलेल्या त्या पत्राला महादूने उत्तर दिलं नव्हतं. साधं पोस्टकार्ड होतं, निळ्या शाईतलं. त्यात चारच ओळी होत्या.

"ती. दादा यांस गोजाबाईचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. माझ्या पर्सला सुकटीचा वास लागला आहे, तो काही केल्या जात नाही. तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, त्यात काही उपाय असला तर लवकर कळवावा."

गोजाबाई म्हणजे महादूची धाकटी बहीण. तिला लिहिता येत नव्हतं. पूर्वीची तिची पत्रंही शेजारच्या कुणाकडून लिहून यायची. पण लिहिणारा कुणीही असो, मजकूर तिचा असायचा. "दादा, तू जेवतोस का येळेवर", "दादा, तू आला नायस". जन्मभर जी बहीण भावाला तू म्हणत आली, तिने या एका कार्डात 'तुम्ही' म्हटलं होतं. महादूचं सगळं आयुष्य मुरबाडच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलेलं. एवढ्या एका शब्दाचा अर्थ आपल्याला कळतो, असं त्याला वाटलं. हा टोमणा होता. बहिणीने त्याला परका केला होता.

आणि टोमण्याला कारणही होतं. महादू निवृत्त झाला तेव्हा वाचनालयाने छोटा समारंभ ठेवला होता. त्याला गोजाबाई आली ती खांद्याला पर्स लावून. भातसानगरच्या कॉलनीत ती घरकामाला जायची, तिथल्या बाईंनी जुनी झाली म्हणून दिलेली, तपकिरी, पितळी कडीची. गोजाबाईने त्या पर्समधून भावासाठी सुकट, वाळवलेली मासळी, आणली होती. पंख्याखाली वास साऱ्या सभागृहात फिरला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला आणि महादूचे कान तापले. तो वाकून हळूच म्हणाला, "गोजा, पर्स बाहेर चपलांच्या मांडणीत ठेव ना. वास येतोय." ती उठली, पर्स ठेवून आली आणि शेवटपर्यंत बसली. निघताना सुकटीची पुडी त्याच्या हातात दिली आणि एसटीला गेली.

त्यानंतर पावसाळा सरला आणि हे कार्ड आलं. महादूने उत्तराला बऱ्याचदा कागद पुढे घेतला. माफी मागावी, तर तिने तसं काही लिहिलेलं नव्हतं. उपाय लिहावा, तर टोमणा कळलाच नाही असा वेडगळपणा दिसेल. शेवटी त्याने काहीच लिहिलं नाही. टोकावड्याचं कुठलंही कार्य निघालं की त्याचे गुडघे दुखायला लागत. फोनवर त्याला बोलता येत नसे, हे साऱ्या नात्यात ठाऊक होतं, त्यामुळे तीही अडचण नव्हती. वर्षं गेली. कार्ड मात्र त्याने टाकलं नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते सुनेच्या धंद्यामुळे.

रेश्मा धसईच्या बाजारात जुन्या लेडीज पर्स विकायची. उल्हासनगरहून गठ्ठा आणायचा, चेन बदलायच्या, उसवलेलं शिवायचं, पुसून चकचकीत करायचं. वरून सगळं ठीक व्हायचं, पण आतल्या अस्तराचा वास हटत नसे. कुणाचं अत्तर आंबलेलं, कुणाच्या डांबरगोळ्या, कुठे बुरशी. गिऱ्हाईक बाई आधी चेन उघडायची, मग नाक आत घालायची, मग पर्स परत ठेवायची.

"म्हसा गावच्या जत्रेला दुकान लावायचंय नि मालाला असा वास!" रेश्मा एकदा वैतागून म्हणाली. "काय करू सांगा."

"मी बघतो," महादू म्हणाला, आणि आपण असं म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं. पण पुस्तकांचा कुबटपणा घालवणं हे तर त्याचं जन्माचं काम. कुबटलेली पुस्तकं तो कोरड्या पेटीत कोळसा आणि वर्तमानपत्रं घालून बंद करून ठेवायचा, ती हळूहळू माणसांत यायची. पर्सलाही तेच करायचं ठरवून त्याने माळ्यावरचा निळा ड्रम खाली काढला, घासला, वाळवला, तळाला कोळसा घातला. जत्रेचा सगळा माल आत भरला आणि झाकण घट्ट लावलं.

काही दिवसांनी रेश्माने झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरली.

"बाबा! हा कोन्ता ड्रम घेतलात?"

"माळ्यावरचा. चांगला घासला होता."

"अहो, त्यात आपन पावसाळ्याची सुकट भरतो! इतकी वर्षं तेच भरतोय!" तिने एक पर्स उचलून त्याच्या नाकाशी धरली. "घ्या वास. घ्या!"

महादूने श्वास ओढला. त्याला काही म्हणजे काहीच आलं नाही. कधीपासून आलं नव्हतं, कुणास ठाऊक. म्हातारपणी कान गेले की माणूस सांगतो, डोळे गेले की सांगतो. नाक गेलं हे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"येत नाय?" रेश्माचा आवाज उतरला.

त्याने मान हलवली.

ती ओट्यावर बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. "सगळी जत्रा माझ्या दुकानावर येईल. कालवनाचा स्टॉल म्हनून. थांबा, आत्याला इचारते. सुकटीचं तिला ठाऊक."

महादू नको म्हणेपर्यंत तिने फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून गोजाबाईचा आवाज आला, तसाच खणखणीत. रेश्माने सगळं सांगितलं तशी ती खदखदून हसली.

"सुकटीचा वास काय जातो गो? माझी ती पर्स नाय का, कॉलनीतल्या बाईंची? आजून खुटीला हाय. त्यात काकडीचं बी ठेवते. मांजर रोज तिच्याखालीच झोपते. दादानं तर ती चपलांत ठेवायला लावलेली! मी घरी येऊन सांगितलं तर हसून हसून समद्यांची पोटं दुखली. एवढी मोठी मानसं बसल्यात, नि आमच्या दादाला सुकटीचा घोर!"

महादूने हात पुढे केला. रेश्माने डोळे मोठे करून फोन त्याच्याकडे दिला.

"गोजा."

"कोन, दादा? फोनवर? रेश्मा, तुझ्या सासऱ्याची तब्येत बरी हाय ना गो?"

"गोजा, मागे त्या पर्सबद्दल तू पत्र टाकलं होतंस. त्याचं उत्तर माझ्याकडून राहिलं."

"मी कसलं पत्र टाकते? मला लिवता येतं काय? हां. ते मनस्वीनं टाकलं असंल."

मनस्वी म्हणजे गोजाबाईची नात, मुलाची मुलगी. महादूने तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती दोन वेण्या घालायची.

"शापूरला कॉलेजात गेली ना, तवा मीच माझी पर्स दिली तिला. दुसरी होती कुठं? हॉस्टेलातल्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या म्हने. धुतली, उन्हात टाकली, काय उपेग नाय. सुट्टीला आली तवा मी म्हनलं, दादाला इचार, त्यानं समदी पुस्तकं वाचल्यात. पन तो फोनवर बोलत नाय, त्याला पत्र टाक. माझ्या नावानं टाकलं असंल. लाजरी हाय, तुझ्यावर गेलीय."

"मग?"

"मग काय. दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाय. पर्सपायीच असं नाय म्हना. करमत नव्हतं तिला, इंग्रजीबी जड जात होतं. पन थोडे दिवस पोस्टमन दिसला की दारात जायची. आता मुरबाडला कंपनीत पॅकिंगला जाते. बरं चाललंय तिचं. तू काय मनाला लावून घेऊ नकोस. दादा? आईकतोस ना?"

महादूने फोन रेश्माच्या हातात दिला आणि आत गेला.

कार्ड कपाटातल्या पुस्तकात होतं. त्याने ते पुन्हा वाचलं. त्याच निळ्या शाईतल्या चार ओळी. 'तुम्ही एवढी पुस्तकं वाचता.' आजीचा भाऊ, वयाने मोठा, फारसा न पाहिलेला. त्याला एक लाजरी मुलगी दुसरं काय म्हणणार होती? त्याने शब्दाच्या आत शिरून टोमणा शोधून काढला होता आणि वर सरळ लिहिलेला प्रश्न तेवढा वाचला नव्हता. ज्या गोष्टीची इतकी वर्षं लाज बाळगली, तिच्यावर बहिणीचं घर पोट दुखेस्तोवर हसून मोकळं झालं होतं. आणि जी खरी चूक होती ती कपाटात गप पडून होती.

दुसऱ्या दिवसापासून दोघं कामाला लागली. "तुमी हात चालवा, नाक माझं," रेश्मा म्हणाली. प्रत्येक पर्सचं अस्तर उलटं करून त्याने व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसलं. पर्स उन्हात टाकायच्या नाहीत, रेक्झिन तडकतं, म्हणून पडवीत दोरीवर वाऱ्याला लावल्या. अस्तर वाळलं की खाण्याचा सोडा भुरभुरवून ठेवायचा, मग ब्रशने झाडायचा. आत फडक्यात बांधलेला कोळसा आणि चुरगाळलेलं वर्तमानपत्र. कागद रोज नवा. संध्याकाळी रेश्मा एकेका पर्समध्ये नाक घालायची. "ही हाय आजून. ही जरा बरी. ही... बाबा, ही गेली! या, बघा तरी!" आणि मग आठवून जीभ चावायची.

काहींचा गेला, काहींचा राहिला. जत्रेला जेवढ्या बऱ्या झाल्या तेवढ्या तिने नेल्या. ती गेली आणि महादू कागद घेऊन बसला.

पहिला कागद माफीनेच भरला. तो त्याने फाडला. मुलीला त्याची माफी नको होती, तिने उपाय विचारला होता. दुसऱ्यात उपाय इतका सविस्तर झाला की एखाद्या पुस्तकातून उतरवल्यासारखा दिसू लागला. आपल्याला साधं लिहिता येत नाही की काय, असं वाटून त्याने तोही बाजूला सारला. मग त्याने लिहिलं:

"चि. मनस्वीस, मामाआजोबाचे आशीर्वाद. तू पर्सच्या वासाचा उपाय विचारला होतास. तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. ते तुझं आहे हे मी ओळखलं नाही आणि उत्तर दिलं नाही. उपाय खाली लिहिला आहे, आम्ही करून पाहिला आहे. वास सगळा जातो असं नाही, पण शेजारी बसणाऱ्याला येत नाही इतका कमी होतो. आता तुला याचा उपयोग नाही हे मला कळतं. पुन्हा शिकावंसं वाटलं तर मला कळव. या वेळी मी उत्तर देईन. पर्सही तुला चांगली देईन, रेश्माने वास घेऊन पाहिलेली."

खाली पुसणं, वारा, सोडा, कोळसा, कागद, सगळं क्रमाने लिहिलं. 'उन्हात टाकू नये' याखाली रेघ ओढली. सही करताना नुसतं 'महादू' लिहिलं.

धसईच्या पोस्टापाशी बाजाराची गर्दी नव्हती. पेटीपाशी जाऊन त्याने पाकीट वर केलं आणि पुन्हा खाली घेतलं. पत्ता वाचला. मनस्वीचं नाव नीट दिसत होतं. आता तिच्या दारात पोस्टमन आला तर ती कंपनीत असेल, पत्र गोजाच घेईल आणि खुंटीवरच्या पर्समध्ये, काकडीच्या बियांबरोबर ठेवून देईल. मुलीच्या हातात पडेपर्यंत पत्रालाही सुकटीचा वास लागलेला असेल.

त्याने पाकीट फटीत सरकवलं आणि ते खाली पडल्याचा आवाज आल्यावरच बोटं बाहेर काढली.