हिरव्यावर पिवळी लोकर

रोहिणीने हिरव्या काचेच्या बांगडीवर पिवळ्या लोकरीचा वेढा ओढला आणि नखाने आधीच्या वेढ्याला भिडवला. मधून हिरवं दिसता कामा नये. दिसलं की ती उलगडून पुन्हा गुंडाळायची.

"आई, आता चिमण्या लावायच्या?" पाच वर्षांची स्वानंदी टेबलावर कोपरं टेकून विचारत होती.

"आधी बांगड्या होऊ देत. आणि ती कात्री खाली ठेव बघू. टोक तुझ्याकडे नको."

रविवारी ज्योत्स्नाच्या, म्हणजे रोहिणीच्या नणंदेच्या, बाळाचं बारसं होतं. विकतचं काही नेण्यापेक्षा पाळण्यावर टांगायला घरीच चिमणाळं करावं, हे रोहिणीनेच सुचवलं होतं. चिमण्या जुन्या सुती साडीच्या, पोटात कापूस भरलेल्या. त्या टांगायला, मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईच्या म्हणण्याप्रमाणे, घरातल्या कुठल्याही बांगड्या चालणार होत्या. डब्यात लाखेच्या होत्या, प्लास्टिकच्या होत्या. रोहिणीचा हात मात्र कपाटातल्या तळाच्या पिशवीकडे गेला.

पिशवीत रोहिणीच्या गेल्या वर्षीच्या डोहाळजेवणाचा चुडा होता. सोनेरी ठिपक्यांचा, दहीपुलाजवळच्या कासाराकडे भरलेला. हॉस्पिटलमध्ये नर्सने साबण लावून एकेक बांगडी उतरवली आणि नवऱ्याच्या, आल्हादच्या, हातात दिली. आठव्या महिन्यात बाळ गेलं, पिशवी तेवढी घरी आली. त्यात एक बांगडी कमी होती. तिथेच राहिली असेल, असं म्हणून रोहिणीने कुणाला विचारलं नाही. त्यानंतर घरात त्या बाळाचं नावच कुणी काढलं नव्हतं. सासूबाईंनी तर नाहीच.

आणि आता तीच काच दुसऱ्याच्या बाळावर टांगायची? सकाळपासून ती स्वतःला हे विचारत होती आणि लोकर आणखी घट्ट ओढत होती. गुंडाळल्यावर कुणाला कळणार आहे!

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई, इंदिराबाई, मेथी निवडत होत्या.

"चिमण्या आहेत की कोंबड्या गं या? पोटं बघ एकेकीची."

"त्या जेवल्यात, आजी!"

इंदिराबाई हसल्या. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कुठल्या गं बांगड्या?"

"जुन्याच आहेत, आई."

मेथीच्या देठावर त्यांची बोटं जराशी थांबली आणि पुन्हा चालू लागली. रोहिणीने ते पाहिलं.

तेवढ्यात स्वानंदीने एक उघडी बांगडी उचलून डोळ्याला लावली. "आजी, चष्मा!" म्हणेपर्यंत ती हातातून निसटली आणि फरशीवर तिचे तुकडे झाले.

"हलू नकोस! तिथेच थांब!" रोहिणीने तिला उचलून खुर्चीवर बसवलं, तळवे उलटेपालटे करून पाहिले. कुठे लागलं नव्हतं.

"आजी, फुटली."

"फुटली म्हणू नये. वाढवली म्हणावं."

"पण तुकडे झाले ना तिचे."

"झाले तरी. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, म्हणून वाढवली म्हणायचं."

स्वानंदी खालच्या तुकड्यांकडे बघत राहिली.

"मग आपलं बाळ पण वाढवलं का?"

तिचं पाऊल रोहिणीच्या हातातच होतं. रोहिणीने ते सोडलं नाही आणि मान वर केली नाही. इंदिराबाईंची खुर्ची मागे सरकली. पावलं आतल्या खोलीत गेली, कपाटाचं दार करकरलं. आता बोलणार, आता काय ते एकदाचं बोलून टाकणार, या धास्तीने रोहिणी तुकडे वेचू लागली.

इंदिराबाई आल्या त्या हातात रुमाल घेऊन. टेबलावर त्याची गाठ सोडली. आत एक बांगडी होती. हिरवी, सोनेरी ठिपक्यांची.

"त्या दिवशी आल्हादच्या हातातनं मीच काढून घेतली होती. साड्यांच्या खाली होती इतके दिवस."

"मला वाटलं, तुम्ही..." रोहिणीने वेचलेले तुकडे टेबलावर ठेवले.

"ही गुंडाळू नकोस."

"पण मग ज्योत्स्नाला कळेल."

"कळू दे. मीच सांगते तिला."

"आणि ती नको म्हणाली तर?"

इंदिराबाईंनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली. दोन-चार काड्या निवडून झाल्या.

"तिचं बाळ आहे, म्हणूही शकते. मग परत आणू. इथे खिडकीत लावू."

"इथे पाळणा कुठंय, आजी?" स्वानंदीने विचारलं.

रोहिणीने पूर्ण झालेली पिवळी बांगडी हातात घेतली आणि लोकरीचं टोक शोधलं.

"हात पुढे कर. दोन्ही. असे समोरासमोर."

स्वानंदीने हात धरले. रोहिणी बांगडीवरची लोकर उलगडून त्या दोन हातांभोवती गुंडाळू लागली.