दर्शनी भिंत

"साहेब, आमची खिडकी हातभर खाली घेता येईल का?" नेल्त्येने हातातली गवती दोरी न सोडताच विचारलं.

बांधणीखात्यातून चाललेले वास्तुकार लॅनिंगसाहेब थबकले. नेल्त्ये राहायची ती मजुरांची वसाहत त्यांनीच बांधलेली, आणि ती दिवसभर दोरीने बांधायची ते वास्तुकलेचं देखणं मासिकही त्यांच्याच मंडळींचं. नवा अंक तर सबंध त्या वसाहतीवर होता.

"खिडकी? ती कशाला?"

"नवरा अंथरुणाला खिळलाय, साहेब. गोदीत पाठ मोडली त्याची. पडल्यापडल्या नुसतं आभाळ दिसतं. कालवा दिसला असता तर बोटी बघत पडला असता बिचारा."

"बाई, एक खिडकी हलवली तर दर्शनी भिंतीचा जीवच जाईल हो!" साहेब समजुतीने म्हणाले. "आणि मजुराला इतकं सुंदर घर आजवर दिलं होतं कुणी?"

ते खोटं नव्हतं. आधीच्या तळघरात भिंतींना पाणी सुटायचं. म्हणून तर नेल्त्येला उलटून बोलता येईना, आणि बोलता येईना याचीच तिला जास्त चीड आली. "उपकार आहेत तुमचे," असं वर म्हणूनही बसली.

संध्याकाळी तिने मुखपृष्ठावर डाग पडल्याने बाद झालेला एक अंक घरी आणला.

"काय गं, काय म्हणाले तुझे साहेब?" टेउनने पडूनच विचारलं.

"हे बघ, आपलं घर छापलंय."

"अरेच्चा! ही आपलीच की खिडकी! झोकात दिसतेय की!"

बटाटे उकडत होते म्हणून ती चुलीकडे वळली. टेउनने पान उलटलं. ते दुहेरी होतं, बाहेरच्या कडेला घडी घातलेलं. त्या काळी पुष्कळ पुस्तकं कडा न कापताच यायची; त्यांची पानं सुरीने फाडूनच वाचायची, हे सगळ्यांनाच ठाऊक. त्याने खिशातला चाकू काढला आणि घडी चिरली.

"नेल्त्ये, आतलं छापायचं राहिलं वाटतं. कोरंच आहे."

"राहिलं नाही, आत कोरंच असतं. ती घडी फाडायची नसते. बाहेरूनच बघायचं असतं ते."

"आणि खिडकीचं?"

"नाही म्हणाले."

 नेल्त्येने तो अंक मिटला, टेउनची मान उचलली आणि अंक उशीखाली सारला.

"आता दिसतं का काही?"

"आभाळ," टेउन म्हणाला.