हूक, कूम आणि पान एकतीस

मी एक जुनी वॉरंटीची पुस्तिका आहे. माझी पाने अठ्ठेचाळीस. मित्रांनो, मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी माणसे आजवर दोनच भेटली, आणि दोन्ही बायका होत्या. पुरुषांनी माझ्याने शेगडीला वारा घातला.

एका मोठ्या छापखान्यात माझ्यासोबत चाळीस हजार बहिणी जन्मल्या. आम्हा सगळ्यांना एकच धडा पाठ होता: गाडीतले काय बिघडले तर कंपनी पाच वर्षे फुकट दुरुस्त करील आणि काय करणार नाही. एवढे ज्ञान घेऊन मी एका राखाडी गाडीच्या पुढच्या खणात जाऊन पडले.

गाडी घेतली मिलोयकोने. सर्बियात अरिल्येच्या वरच्या अंगाला त्याची रासबेरीची बाग आहे. बायको देसांका शाळेत भूगोल शिकवते. गाडी आली त्याच दिवशी ओट्यावर बसून तिने मला वाचून काढले, दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणाही केल्या. असा मान मला पुढे बराच काळ मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी वुकाशिन आला. तो मिलोयकोचा कूम, म्हणजे लग्नात नवऱ्याच्या शेजारी उभा राहिलेला आणि पुढे त्याच्या मुलीचे नाव ठेवणारा. आमच्याकडे सख्ख्या भावाला तोंडावर नाही म्हणता येते, कूमला नाही. वुकाशिन शेतीची यंत्रे दुरुस्त करतो. नव्या गाडीला भेट म्हणून त्याने ट्रेलर ओढायचा हूक आणला होता, जुन्या नांगराच्या लोखंडातून स्वतः घडवलेला आणि लाल रंगवलेला.

"कंपनीचा हूक मिळतो की," देसांका म्हणाली. "पान एकतीसवर लिहिलंय, मान्यता असलेलाच बसवा म्हणून."

"वहिनी, हे पुस्तक लिहिणाऱ्यानं जन्मात एक क्रेट तरी उचललाय का?"

मिलोयको आपल्या बुटांकडे पाहत राहिला. कॉफी निवायच्या आत हूक बसला. गाडीच्या मागच्या दिव्यांची वायर सोलून वुकाशिनने ट्रेलरच्या दिव्यांची वायर तिला जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. मग सगळे राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, प्यायले.

त्या हंगामात हुकाचे फार कौतुक झाले. माझ्या वाट्याला बाराव्या पानावर चरबीचा एक डाग आला.

पुढच्या जूनमध्ये, तोडणीच्या तिसऱ्या दिवशी, गाडीच्या डॅशबोर्डवर होते नव्हते तेवढे सगळे दिवे लागले आणि किल्ली फिरवली तरी गाडी हूं की चूं करीना. सकाळी तोडलेली रासबेरी संध्याकाळपर्यंत शीतगृहात गेली नाही, तर उद्या तिचा नुसता रस होतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर दोन दिवस मिळणार होता. त्यानंतर वर्षभराची मेहनत मुंग्यांची होती.

मिलोयकोने हूक सोडवून बागेच्या कडेच्या झुडपांत फेकला आणि टेपही ओरबाडून काढली.

"कळलं तर सगळी वॉरंटी जाईल," तो म्हणाला.

"हूक काढलास. भोकं कुठं काढून ठेवणार?" देसांका म्हणाली.

"आणि वुकाशिनचं नाव सांगू? तो तिथं समोर बसलेला असताना?"

कारण बंद गाडी सर्व्हिस सेंटरला ओढून न्यायला वुकाशिनच आपला ट्रक घेऊन येणार होता.

सर्व्हिस सेंटरवर यासना नावाची इंजिनिअर होती. मला सबंध वाचणारी ती दुसरी. तिने गाडीखाली वाकून पाहिले.

"काका, हूक होता का?"

"नाही."

"मग ही भोकं?"

"उंदरांनी केली असतील."

"चार भोकं. बारा मिलिमीटरची. सरळ रेषेत."

यासनाने हात पुसले.

"हे बघा, काय जोडलं होतं ते कळलं नाही, तर मला गाडी तपासणीसाठी बेलग्रेडला पाठवावी लागेल. तीन आठवडे. कळलं, तर परवा देते."

तीन आठवड्यांत बाग रिकामी झाली असती. मिलोयकोने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले, मग दाराकडे, पण वुकाशिन बसला होता त्या मागच्या खुर्चीकडे पाहिले नाही. मी टेबलावर पान एकतीस उघडे टाकून पडले होते. तोंड असते तर ओरडले असते.

"हूक मी लावला," मागच्या खुर्चीतून वुकाशिन म्हणाला. "वायरही मीच जोडली. आणि जोड पक्का होता."

"पक्का होता म्हणूनच वर्षभर टिकला," यासना म्हणाली. "पण दिव्यांचा आणि स्टार्टरचा कारभार एकाच पेटीकडे आहे. तिला ट्रेलरच्या दिव्यांचा भार झेपला नाही. जळली ती."

वुकाशिनने मान हलवली. हे यंत्राविषयीचे बोलणे होते, त्यात त्याला अपमान दिसला नाही.

यासनाने पान एकतीस मोठ्याने वाचले. बदल केला म्हणून वॉरंटी संपत नाही. त्या बदलाने जे बिघडते, तेवढे कंपनी देत नाही.

"पेटी तुम्ही तुमच्या खर्चानं घ्या. पण पाण्याचा पंपही गळतोय, त्याचा हुकाशी संबंध नाही. तो आम्ही बदलून देतो."

"म्हणजे सगळी गेली नाही?"

"सगळी जाते असं कोण म्हणालं?"

देसांका घरी होती, हे मिलोयकोचे नशीब.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली, कंपनीचा हूक आणि त्याची वेगळी वायर लावून. संध्याकाळी क्रेट शीतगृहात पोहोचले. वुकाशिन नवा हूक बराच वेळ न्याहाळत होता. "बरा आहे," तो म्हणाला, "थोडा नाजूक आहे."

आता माझी पाच वर्षे सरली आहेत. मुदत संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी वुकाशिन ड्रिल आणि टपावर बसवायची जाळी घेऊन दारात उभा राहिला.

"आता त्या पुस्तकाचं काही चालत नाही ना, वहिनी?"

"नाही," देसांका म्हणाली. "आता माझं चालतं. आधी जाळीसोबतचं पत्रक वाच."

तो पायरीवर बसला आणि ओठ हलवत वाचू लागला.

मित्रांनो, घरी नवी वस्तू आली की तिच्यासोबतचे पुस्तक आधी उघडा. बदल करू नका, असे आम्ही म्हणत नाही. करण्याआधी वाचा, आणि केल्यावर कोणी विचारले तर खरे सांगा. आमच्या पानांत शिक्षा फार थोडी लिहिलेली असते. न वाचणारे ती मनातल्या मनात मोठी करतात, आणि मग तिच्या भीतीने उंदरांवर आळ घेतात.