चौथ्या रेघेवरची फुली

हुआई नदीकाठच्या त्या गावात च्यू फांग चाळीस वर्षं कौल सांगत होता. गवताच्या काड्या मोजून तो पाटीवर सहा रेघांची आकृती मांडायचा. एखादी रेघ पालटणारी निघाली, की तिच्यावर फुली मारून तो दुसरी आकृती काढायचा. पालटती रेघच खरं बोलते, असं तोच सगळ्यांना सांगे.

एके सकाळी तोफू विकणारी लिआन आली. नदीच्या वरच्या अंगाला तिची आई आजारी होती. इकडे रेशमाचे किडे कोश विणायच्या बेतात. आत्ताच निघावं, की कोश उतरवून? आकृती निघाली ती थांबण्याची. इतक्यात न्यायाधिकाऱ्यांचा कारकून दारात येऊन उभा राहिला. त्याला ताटकळायला नको म्हणून च्यू फांगने घाईघाईत सांगून टाकलं, की थांब, सगळं ठीक होईल.

संध्याकाळी पाटी पुसताना त्याला चौथ्या रेघेवर फुली दिसली. त्यानेच मारलेली. त्या रेघेचं सांगणं होतं, बसल्या जागेवरून ऊठ. लिआनचं घर दहा दारांवर होतं. त्याने वहाणा पायात घातल्याही. पण एका तोफूवालीपुढे चूक कबूल करायची, आणि उद्या ते गावभर होणार. त्याने वहाणा काढल्या, पाटी स्वच्छ पुसली.

अठरा दिवसांनी लिआन आली ती सुतकाच्या जाड्याभरड्या कपड्यांत. ती पोचायच्या चार दिवस आधीच आई गेली होती, दाराकडे बघत.

"कौल चुकत नाही, गुरुजी," ती म्हणाली. "मीच मनात रेशीम ठेवून विचारलं. आता आईची क्षमा कशी मागू, तेवढं सांगा."

च्यू फांगची मान वर होईना. "तुझं काही चुकलं नाही, पोरी. मी कौल अर्धाच वाचला. आणि त्याच संध्याकाळी मला ते कळलं होतं."

"त्याच संध्याकाळी?"

"हो."

"मी घरीच होते," लिआन म्हणाली आणि उठून गेली.

तिने गावात अवाक्षर काढलं नाही. ते त्याला जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी तो तिच्या दुकानापुढे गेला आणि भर गिऱ्हाइकांत सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, वहाणांसकट. लोक एकमेकांकडे बघत राहिले. तोफू कापणारी लिआनची सुरी थांबली नाही.

"झालं असेल तर बाजूला व्हा," ती म्हणाली. "मागे माणसं उभी आहेत."

तो बाजूला झाला.